कॉन्टूर ड्रॉइंग: पूर्ण ब्लाइंड करावं की मधेमधे बघावं?

कॉन्टूरचा, म्हणजे वस्तूच्या कडा आणि वळणं नजरेने धरत हळूहळू रेषेत काढायचा, सराव करायचा ठरवलं की हा प्रश्न येतोच, कागदाकडे अजिबात बघायचं नाही की मधेमधे बघितलं तर चालतं? मी दोन्ही पद्धतींनी बरंच काढलंय, त्यातून जे जाणवलं ते सांगतो, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

मधेमधे बघायची पद्धत म्हणजे मॉडिफाइड कॉन्टूर. रेषा चालू असेपर्यंत नजर वस्तूवर, ती संपली की पेन थांबवून खाली बघायचं, जागा पकडायची, परत वर. प्रमाण बऱ्यापैकी राहतं, बूट काढला तर तो बूटच दिसतो, कुणाला दाखवायला संकोच वाटत नाही. इलस्ट्रेशनसाठी हात बसवायचा असेल तर हीच पद्धत लवकर कामाला येते, हे मान्य.

पण मला त्रास झाला तो खाली बघून परत वर येण्याचा. समजा स्वतःचा डावा हात काढताय, तर्जनीच्या मधल्या सांध्यावर ज्या बारीक सुरकुत्या असतात त्यातल्या एकीवर नजर आहे आणि पेनही तिच्याबरोबर सरकतंय. खाली बघितलं, जागा पकडली, वर आलो तर ती सुरकुती नेमकी कुठली तेच सापडत नाही, बोटही तेवढ्यात जरासं हललेलं असतं. मग शोधत बसायचा कंटाळा येतो आणि हात अंदाजाने पुढे जातो, आणि अंदाज आला की डोक्यात आधीपासून बसलेलं बोट कागदावर उतरतं, नख म्हणजे एक कमान, सांधा म्हणजे दोन आडव्या रेघा. त्यात मागची रेषा वाकडी गेलेली दिसली की पुढची तिला सावरायला धावते. बसलो होतो हात बघायला आणि चाललंय चित्र दुरुस्त करणं! हे एकदा खटकलं की प्रत्येक वेळी खटकतं.

पूर्ण ब्लाइंडमध्ये ही भानगडच नाही, कारण नजर वस्तूवरून हलतच नाही.

शिकवणाऱ्यांमध्येही ह्यात फरक आहे. किमोन निकोलाइडिस न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकवायचे, त्यांचं पुस्तक 1941 साली त्यांच्या निधनानंतर आलं. त्यांचं म्हणणं, पेन्सिल कागदाला नाही तर समोरच्या वस्तूलाच टेकलीय असं वाटेपर्यंत थांबा आणि मगच सरका. पण नवी रेषा कुठून सुरू करायची ते बघण्यापुरती खाली नजर टाकायला त्यांची हरकत नव्हती. बेटी एडवर्ड्स ह्यांनी 1979 च्या पुस्तकात जास्त कडक नियम ठेवला, कागद टेपने चिकटवा, त्याच्याकडे पाठ करून बसा आणि स्वतःचा हात अगदी हळूहळू काढा. मला हा कडकपणाच मानवला.

तोटे आहेतच. अंगठा मनगटापासून लांब जाऊन पडतो, सुरुवात आणि शेवट जुळत नाहीत, कधी पेन कागदाबाहेर जातं, आणि अशी पानं साठत गेली की मन खट्टू होतं, खोटं कशाला बोलू. पण त्याच पानावर नखाच्या कडेला कातडी वळते ती जागा जवळून बघा, रेषा तिथे थबकलेली, जरा थरथरलेली, आणि इतकी खरी असते की कागदाकडे बघत काढायला गेलो तर मला ती जमत नाही. त्या एवढ्याशा जागेसाठी बाकीचा वेडावाकडा हात मला मनापासून चालतो, नुसता चालतो असं नाही, आवडतो.

पोर्ट्रेटमध्ये चेहरा ओळखू यायलाच हवा असेल तर मॉडिफाइडच बरं. सरावासाठी म्हणाल तर मी पूर्ण ब्लाइंड सुचवेन, पेन्सिलऐवजी पेन घ्या म्हणजे खोडायचा प्रश्नच नाही, कागद टेपने पक्का करा, आणि हाताआधी चुरगळलेला कागद काढून बघा कारण तो कसा दिसायला हवा ह्याचं चित्र कुणाच्याच डोक्यात नसतं. आणि झाल्यावर ती सुटलेली टोकं जोडायला जाऊ नका प्लीज.