वाटी की वजनकाटा?

लक्ष्मी मंडईतून भाजी पाव किलो, अर्धा किलो अशी येते, पालेभाजी पेंडीने येते आणि ओट्यावर आली की सगळं वाटीत मोजलं जातं. घरच्या चौघांपुरतं यात काही बिघडत नाही. पण धाकट्या जाऊबाईंनी तीस डब्यांचं काम घेतलंय, पाककृती मोबाइलवरची, मापं कपातली. काटा घेऊ का, असं त्यांनी विचारलं.

माझं मत असं, की ते भाजीवर ठरतं. पाककृतीतला कप साधारण २४० मिलीचा. तेवढ्यात बारीक चिरलेला कांदा भरतो १६० ग्रॅमच्या आसपास, टोमॅटो १८०, बटाट्याच्या फोडी १५०, मटारचे दाणे १४५. या भाज्या वाटीत कशाही भरा, पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे. तेवढ्याने रस्सा बिघडत नाही, वाटी बिनघोर वापरा.

पालेभाजीला मात्र वाटी साफ फसवते. कच्चा पालक कपात अलगद भरला तर जेमतेम ३० ग्रॅम, दाबून भरला की दुप्पट. शिजलेला असेल तर तोच कप १८० ग्रॅमचा. म्हणजे 'दोन कप पालक' वाचून नेमका किती घ्यायचा? कोबीचंही तसंच: लांब, पातळ चिरला तर कपात ७० ग्रॅम, जाडसर चिरला तर ९०. चिरणारा हात बदलला की माप बदललं. इथे काट्याला पर्याय नाही.

काट्याचीही एक खोड आहे. वजन निवडण्याआधीचं की नंतरचं, हे तो सांगत नाही. किलोभर मटारच्या शेंगा सोलल्या तर अर्धा किलोही दाणे निघत नाहीत. मेथीच्या काड्या गेल्या की पेंडी केवढीशी उरते, हे सांगायला नको. खरेदीचा हिशोब पिशवीच्या वजनावर, पाककृतीचा निवडलेल्या भाजीवर. डब्यांच्या वहीत दोन वेगळे रकाने हवेत. जाऊबाईंना सर्वांत उपयोगी पडली ती हीच गोष्ट.

रुखवतातली वाटी टाकून द्यायची नसेल तर एकदाच एवढं करा. रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिली. आमची वाटी १६० ची निघाली, म्हणजे कपाचा दोन तृतीयांश. म्हणून आमच्या वाटीत कांदा १६० नाही, १०५-११० ग्रॅमच बसतो. इतकी वर्षं एक वाटी म्हणजे एक कप धरत होतो, तेव्हा ग्रेव्ही पातळ का व्हायची ते आत्ता कळलं!

पाच किलोपर्यंत तोलणारा साधा डिजिटल काटा डब्यांच्या कामाला पुरतो. मात्र दोन-तीन ग्रॅमला तो अडखळतो, त्यामुळे हिंग-मोहरी चमच्यानेच. घरच्यापुरतंच रांधणाऱ्यांनी काटा शेजारणीकडून तासभर आणला, वाटी तपासली, तरी भागेल.

आणि भरली वांगी असतील त्या दिवशी वाटी आणि काटा दोन्ही फडताळात. डब्याला दोन नग.