गिझर स्वतः उघडला, त्याला आता सात महिने झाले

गणपतीच्या आदल्या आठवड्यात आमच्या गिझरने अख्ख्या घराची वीज घालवायला सुरुवात केली. आधी दहा मिनिटं चालून आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडायची, मग बटण दाबताच पडायला लागली. फ्रिज बंद, वायफाय बंद, आईची मालिका बंद. मालिका बंद पडल्यावर प्रकरण गंभीर झालं.

गिझर १५ लिटरचा, २००० वॉटचा, उभा टाकीवाला, सहा वर्षं वापरलेला. आम्ही पुण्याच्या वाघोलीत राहतो, म्हणजे बोअर आणि टँकर; नळांच्या तोंडाला कायम पांढरी पुटं. आलेला मेकॅनिक झाकणही न काढता म्हणाला, "टाकी गेली साहेब, नवाच घ्या." टाकी गेली असती तर खालून ठिबकायला नको? ठिबकत तर काहीच नव्हतं. तेवढ्या एका शंकेवर मी पाना हातात घेतला.

नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. मग पाणी रिकामं करायचं, आणि इथेच माझा अर्धा तास गेला. थंड पाण्याच्या बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) असतो, तो काढल्याशिवाय टाकी रिकामी होत नाही. आणि गरम पाण्याचा नळ उघडा नसेल तर आत हवा शिरत नाही, पाणी नुसतं गुळगुळ करत बसतं.

मल्टिमीटर लावला. पाणी तापवणाऱ्या कॉइलच्या दोन टोकांमध्ये २६ ओहम, म्हणजे बरोबर (२३० व्होल्टला २००० वॉट म्हटल्यावर तेवढेच यायला हवेत). पण एक टोक आणि बॉडी यांच्यात काहीच दाखवायला नको होतं, तिथे साडेपाच हजार ओहम. २३० भागिले ५५०० म्हणजे साधारण ४२ मिलीअँपिअर गळती. आमची आरसीसीबी ३० मिलीअँपिअरची, त्यापेक्षा जास्त गळतीला ती पडणारच. बिचारी तिचं काम चोख करत होती, शिव्या मात्र तिनेच खाल्ल्या. काही घरांत अशा वेळी आरसीसीबीच बायपास करून देतात. असं कोणी सुचवलं तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

बोल्ट काढून फ्लँज (कॉइल बसवलेली टाकीची चकती) खाली ओढली तर तसराळंभर क्षार बदाबदा पडला, ओल्या खडीसाखरेसारखा. कॉइलवर बोटभर जाड थर, आणि तो फोडल्यावर तांब्याच्या नळीला केसाएवढी चीर. तिथून पाणी नळीच्या आतल्या वीजरोधक पावडरीत झिरपत होतं. शेजारी अ‍ॅनोड रॉड असायला हवा होता; उरली होती फक्त त्याची तार, ऊस चघळून टाकल्यासारखी. हा मॅग्नेशियमचा दांडा टाकीऐवजी स्वतः झिजतो. खाऱ्या पाण्यात तो दरवर्षी बघायला हवा. आम्ही सहा वर्षांत एकदाही पाहिला नव्हता. टाकी वाचली हेच नशीब.

जुना पीस पिशवीत घालून तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात, गेलो. जुना पीस न्याच, फ्लँजचा व्यास आणि बोल्टांची भोकं जुळली नाहीत तर परत हेलपाटा. दुकानदाराने पीस उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "बोअरचं पाणी ना? मग तांब्याची नको, इनकोलॉयची घ्या." (इनकोलॉय म्हणजे निकेलचा, सहसा न गंजणारा मिश्रधातू.) कॉइल, रॉड आणि रबरी गॅस्केट मिळून साडेआठशे रुपये झाले.

बसवताना एक चूक केली. बोल्ट ओळीने एकामागून एक आवळत गेलो, गॅस्केट एका बाजूला दबलं आणि रात्रभर बादलीत टपटप. सकाळी परत सोडून समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळले, मग थांबलं. आणि गरम नळातून सलग धार येईपर्यंत बटण दाबायचं नाही. कोरडी कॉइल लगेच जळते.

आता अनुभव. आरसीसीबी एकदाही पडलेली नाही. थंडीत २० अंशांचं पाणी ६० पर्यंत जायला २२-२३ मिनिटं लागतात, गणितानेही २१ येतात. पूर्वी दिवा लवकर विझायचा आणि पाणी मात्र कोमट. मला वाटायचं कॉइल म्हातारी झाली. खरं तर थर्मोस्टॅटची (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा भाग) नळी क्षारात गाडली गेली होती, तिला पाणी तापायच्या आधीच गरम लागायचं. तापताना येणारा सूंऽऽ आवाजही गेला होता, पण जानेवारीपासून हलकासा परत ऐकू येतोय.

म्हणून गेल्या रविवारी पुन्हा उघडला. अंगठ्याएवढा रॉड करंगळीएवढा झालाय. कॉइलवर पातळ पांढरा थर होता, लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात तासभर बुडवल्यावर निघाला. थर्मोस्टॅट आता ५५ वर ठेवलाय. पाणी जितकं जास्त तापवाल तितका क्षार जास्त बसतो. पत्नीला केस धुवायला तेवढं पुरत नाही अशी तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. तिच्या दिवशी ६० करतो.

तुमच्या गिझरच्या टाकीतूनच पाणी गळत असेल, तर यातलं काही करू नका, नवा घ्या. घराला अर्थिंग नसेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, गिझर नंतर. आमच्याकडे झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख लिहून ठेवलीय आणि जादा गॅस्केट गिझरच्या डोक्यावर पिशवीत बांधून ठेवलंय. उघडलं की जुनं परत नीट बसत नाही, हे त्या टपटपीच्या रात्रीने शिकवलं.