फाटकापासून ओटल्यापर्यंत: रंगवलेल्या वाटेचे अकरा महिने

बडोद्यात दांडिया बाजारातलं आमचं घर जुनं, पण फाटकापासून ओटल्यापर्यंतची काँक्रीटची वाट चारच वर्षांची. 30 फूट लांब, 4 फूट रुंद. गेल्या नोव्हेंबरात तिला बाहेरच्या जमिनीसाठी मिळणाऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन हात दिले. रंग करडा. 4 लिटरचा डबा पुरून थोडा उरला.

आधी एपॉक्सीचं (दोन घटक मिसळून लावायचा कडक रंग) घाटत होतं. भाच्याच्या मकरपुऱ्यातल्या कारखान्यात ते आरशासारखं चमकतं. पण तिथे डोक्यावर छप्पर आहे. उघड्यावर उन्हाने एपॉक्सी पिवळं पडतं आणि हात फिरवला की खडूसारखी भुकटी लागते. दुकानदार हे आपणहून बोलला नाही; विचारल्यावर मान डोलावली.

रंग दोन सकाळींत झाला, तयारीला मात्र चार दिवस. शेवाळ घासलं, मग 10 भाग पाण्यात 1 भाग अ‍ॅसिड (अ‍ॅसिडवर पाणी कधीच ओतायचं नाही), मग धुण्याच्या सोड्याचं पाणी, शेवटी दोनदा साधं पाणी. वाळल्यावर हाताला पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागलं आणि पाण्याचा थेंब मोत्यासारखा न थांबता मुरला, तेव्हा काम जमलं.

खरी मेख पुढे होती. खालून ओल येते का ते बघायला रात्रभर दीड-दीड फुटांचे प्लॅस्टिकचे चौकोन चारी कडांनी चिकटपट्टी लावून ठेवले. सकाळी तीन कोरडे. तुळशीजवळ नळापाशी मात्र प्लॅस्टिकच्या आतून थेंब. रंगारी म्हणाला, "बेन, चालशे." मीही म्हटलं, चालेल!

पहिला हात ओला असतानाच चाळलेली बारीक कोरडी रेती भुरभुरवली, वरून दुसरा हात. हा खर्च सर्वात सार्थकी लागला. पूर्ण पावसाळ्यात कोणीही घसरलं नाही, सासूबाईसुद्धा नाहीत. उन्हाळ्यात दुपारी अनवाणी चालवत नाही, पण ते साध्या काँक्रीटवरही कुठे चालवतं? गाडीच्या स्टँडखाली रुपयाएवढा खड्डा पडलाय, तिथे आता लाकडाचा तुकडा ठेवतो.

ऑगस्टमध्ये नळापाशी बत्ताशांसारखे फोड आले. टोचले तर आत पाणी, खाली पांढरा लोणा. जमिनीतली ओल काँक्रीटमधून वर येते, सोबत क्षार आणते आणि रंगाने वाट अडवली की त्यालाच उचलते. दोन हात जागा पोपडे निघून उघडी पडली. बाकीची वाट अजून धड आहे, कडांना जरा फिकी. म्हणजे डब्याला दोष द्यायला तोंड नाही.

गळका नळ बदललाय. दिवाळीनंतर उरलेला रंग तिथे फासायचा होता, पण सासूबाई आडव्या आल्या. रेतीच्या खरखरीत रांगोळीची बारीक रेघ ओढता येत नाही आणि कणांत अडकलेला गुलाल झाडूने निघत नाही, ही त्यांची वर्षभराची तक्रार. तुळशीचं लग्न त्या उघड्या तुकड्यावरच लावायचं म्हणतात.