जुनी एमजीबी की नवी एमएक्स-५: दोन आसनी स्पोर्ट्स कार घेण्यापूर्वी

दोघांपुरती, छत उघडणारी आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणारी छोटी स्पोर्ट्स कार घ्यायचे नक्की झाले, की पहिला पेच पडतो तो जुनी घ्यावी की नवी याचा. नुसत्या चर्चेने हा पेच सुटत नाही, कारण जुन्या गाडीची बाजू घेणारा आठवणींच्या भरात बोलतो आणि नव्या गाडीची बाजू घेणारा माहितीपत्रकातले आकडे पुढे करतो. म्हणून या परीक्षणासाठी प्रत्यक्ष चालवून पाहिलेल्या दोन गाड्या समोरासमोर ठेवल्या आहेत: इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी, आणि २०१५ पासून विक्रीस असलेली चौथ्या पिढीची माझ्दा एमएक्स-५. ही जोडी सहज निवडलेली नाही. एमजीबीची लांबी सुमारे ३.८९ मीटर आहे आणि एमएक्स-५ची ३.९२ मीटर, वजनही, मॉडेल आणि साजानुसार थोडेफार कमी-अधिक धरून, दोन्हींचे एक टनाच्या आसपासच आहे. बाकी सगळ्या मोटारी दर पिढीला फुगत गेल्या असताना या दोन गाड्या एकाच मापात राहिल्या, त्यामुळे इथे तुलना करताना आकाराचा प्रश्न बाजूला पडतो आणि दोन गाड्यांमधला खरा फरक दिसू लागतो.

तो फरक किल्ली फिरवल्याक्षणी कानावर पडतो. एमजीबीत इंजिन चालू होण्याआधी मागच्या बाजूने पेट्रोलच्या विजेरी पंपाची टकटक सुरू होते. कार्ब्युरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची, भांडी भरत आली की ती मंदावते आणि थांबते, आणि तोवर चालकाचा हात थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळवून देणाऱ्या चोकच्या दांडीवर गेलेला असतो. ही टकटक थांबलीच नाही तर कुठेतरी पेट्रोल गळते आहे किंवा टाकी रिकामी आहे असे समजावे. थंड इंजिनावर चोक ओढून, मग तो बेताबेताने आत सारत पहिले काही किलोमीटर काढावे लागतात. एमएक्स-५मध्ये बटण दाबले की गाडी निघायला तयार असते. रोज सकाळी ठरलेल्या वेळेला कामावर पोचायचे असेल, तर या एका परिच्छेदातच निर्णय झाला असे समजायला हरकत नाही.

चालवण्याच्या बाबतीत मात्र गोष्ट इतकी सरळ नाही. एमजीबीचे १,७९८ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन सुमारे ९५ अश्वशक्ती देते, मागे दोन्ही चाकांना जोडणारा सरळ आडवा ॲक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंगा आहेत, आणि ताशी ६० मैलांचा, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटरचा, वेग गाठायला तिला अकरा-बारा सेकंद लागतात. एमएक्स-५चे दोन लिटरचे इंजिन २०१८च्या सुधारणेनंतर १८४ अश्वशक्तीपर्यंत गेले, ते मिनिटाला ७,५०० फेऱ्यांपर्यंत न कुरकुरता चढते, आणि तितकाच वेग ही गाडी जवळपास निम्म्या वेळात गाठते. पुढे डबल विशबोन आणि मागे मल्टिलिंक अशी, प्रत्येक चाकाला स्वतंत्रपणे हलू देणारी सस्पेन्शनची रचना असल्याने खडबडीत वळणावर एक चाक उचलले गेले तरी दुसऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. एमजीबीत त्याच वळणावर मागची बाजू किंचित बाजूला सरकते आणि स्टिअरिंगने तिला जागेवर आणावे लागते. आकड्यांत सामना अगदीच एकतर्फी आहे. तरीही एमजीबीचा सगळा आनंद ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या आतच मिळतो, कारण तिचे जड पण प्रामाणिक स्टिअरिंग रस्त्याची प्रत्येक हालचाल तळहातापर्यंत आणून सोडते आणि चालकाला प्रत्येक गिअर मनापासून निवडावा लागतो. एमएक्स-५चे विद्युत साहाय्याचे स्टिअरिंग हलके आणि अचूक आहे, तिचा गिअरदांडा तर मी हाताळलेल्या नव्या गाड्यांमध्ये सर्वांत सुरेख आहे. पण तिला खऱ्या अर्थाने कामाला लावायचे तर वेग असा गाठावा लागतो, की तो सार्वजनिक रस्त्यावर शोभत नाही. ‘जुन्या गाडीला पिकअप नाही’ ही तक्रार म्हणूनच मला फारशी महत्त्वाची वाटत नाही. पिकअपसाठी एमजीबी घेणारा माणूस मुळातच चुकीच्या दुकानात शिरलेला असतो.

जुन्या गाडीचा खरा हिशेब पत्र्यावर येऊन ठेपतो, आणि बहुतेक खरेदीदार नेमके तिथेच पाहत नाहीत. ते बॉनेट उघडतात, इंजिनाचा आवाज ऐकतात, दोन कार्ब्युरेटर चकचकीत दिसले की खूश होतात. वास्तविक एमजीबीचे इंजिन ही तिच्यातली सर्वांत कमी चिंतेची वस्तू आहे: ते साधे आहे, ओतीव लोखंडाचे आहे, आणि कोणत्याही जाणत्या मेकॅनिकला ते पूर्ण खोलून पुन्हा बसवता येते. पण या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालून भार पेलणारी चौकट, नाही. सगळी मजबुती पत्र्याच्या सांगाड्यात आहे, आणि वर छत नसल्याने तो भार मुख्यतः दाराखालच्या पोकळ पट्ट्यांवर येतो. या पट्ट्यांत बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि त्यांच्यामध्ये उभा पडदा असे थर असतात. पाणी आत साचते, गंज आतून बाहेर येतो, आणि बाहेर फोड दिसेपर्यंत मधला पडदा बरेचदा नाहीसा झालेला असतो. अशा पट्ट्यावर नवा बाहेरचा पत्रा चिकटवून, वर लांबी (पुट्टी) भरून, रंग मारून विकलेल्या गाड्या थोड्याथोडक्या नाहीत.

तपासायची रीत सोपी आहे. मऊ फडक्यात गुंडाळलेले लहान लोहचुंबक दाराखालच्या पट्ट्यावरून, मागच्या चाकाच्या पुढच्या कोपऱ्यावरून आणि पुढच्या मडगार्डच्या खालच्या कडेवरून फिरवावे. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी आहे. त्यानंतर दार आणि मागचे मडगार्ड यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत न्याहाळावी. ती वर अरुंद आणि खाली रुंद असेल, तर गाडी मधोमध खचू लागली आहे. शेवटी, मालकाची हरकत नसेल तर, गाडी एका बाजूने जॅकवर उचलून तेच दार उघडून-मिटून पाहावे. दार अडकले, तर रंग कितीही सुंदर असला तरी आभार मानून निघावे. एक दिलासा मात्र आहे: मूळ साच्यांवर दाबलेले एमजीबीचे संपूर्ण नवे सांगाडे १९८८ पासून ब्रिटनमध्ये पुन्हा बनू लागले. जुन्या गाड्यांपैकी फारच थोड्यांच्या नशिबी हे येते. पण सांगाडा बदलण्याचा खर्च, मजुरी धरून, चांगल्या अवस्थेतली गाडी थेट विकत घेण्यापेक्षा सहसा अधिकच पडतो.

एमजीबीमध्येही सगळी वर्षे सारखी नाहीत. १९६४च्या अखेरीस इंजिनाच्या मुख्य दांड्याला आधार देणारी मेन बेअरिंगे तीनऐवजी पाच झाली आणि १९६७च्या अखेरीस पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश, म्हणजे खरखर न होता गिअर बसवणारी रचना, मिळाली, तसेच वीज तयार करायला डायनामोच्या जागी आल्टर्नेटर आला. १९७४च्या उत्तरार्धात अमेरिकेच्या नियमांपायी काळे रबरी बंपर बसवले गेले, गाडी इंचभर उंच केली गेली आणि सुरुवातीला पुढचा अँटी-रोल बारही काढला गेला. परिणामी वळणावर ती बोटीसारखी कलू लागली. १९७६च्या सुमारास दोन्ही टोकांना बार बसवून हा दोष बराच सावरला. अमेरिकेसाठीच्या शेवटच्या वर्षांतील गाड्यांना तर दोनऐवजी एकच कार्ब्युरेटर मिळाला आणि त्यांची ताकद साठ-पासष्ट अश्वशक्तीवर आली. त्यामुळे १९६८ ते १९७४ मधली, क्रोमच्या बंपरची, आणि शक्य असल्यास ओव्हरड्राइव्ह (मोठ्या वेगात इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवणारा जादा गिअर) असलेली गाडी शोधावी. ओव्हरड्राइव्ह नसेल तर मोठ्या रस्त्यावर इंजिनाचा आवाज संभाषण चालू देत नाही.

देखभालीत एमजीबी वेळ मागते, पण कौशल्य फार मागत नाही. पुढची चाके ज्यांच्याभोवती वळतात त्या किंगपिनना सुमारे ५,००० किलोमीटरला ग्रीस भरावे लागते, इंजिनाच्या झडपांची (टॅपेटची) फट मोजावी लागते, ठिणगीच्या यंत्रणेतले पॉइंट घासावे लागतात, कार्ब्युरेटरच्या घुमटांत तेल पाहावे लागते. ही कामे मालक स्वतः शिकू शकतो. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या खराब होतात, म्हणून त्या बदलून घेणे आवश्यक आहे. तसेच शिसेविरहित पेट्रोलसाठी कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट, म्हणजे झडपांच्या बैठका, बसवल्या आहेत का, हे विकणाऱ्याला विचारावे. एमएक्स-५ला ठरलेल्या मुदतीत सर्व्हिसिंग करून घेतले की विषय संपला. तिचे बॉनेट, डिकीचे झाकण आणि पुढची मडगार्डे ॲल्युमिनियमची असल्याने त्यांना गंज चढत नाही, हेही जमेस धरावे. मात्र ठोकर लागली तर हे पत्रे सरळ करणारा कारागीर सहज सापडेलच असे नाही.

भविष्याचा विचार केला तर चित्र थोडे उलटते. एमजीबीचे जवळजवळ सगळे सुटे भाग आजही नवे मिळतात, कारण पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या आणि भाग यांत्रिक आहेत, कोणालाही पुन्हा बनवता येतील असे. एमएक्स-५मधला डॅशबोर्डवरचा पडदा (स्क्रीन), नियंत्रणाचे संगणक, संवेदक हे भाग आज बिनतक्रार चालतात; पण एखाद्या गाडीचे उत्पादन थांबून वीस वर्षे झाल्यावर असे भाग कोण बनवील, हा प्रश्न या काळातल्या सगळ्याच मोटारींना विचारावा लागेल. गाडी आयुष्यभर ठेवायची असेल तर हा मुद्दा हलका नाही. आठ-दहा वर्षांसाठी घ्यायची असेल तर तो सोडून द्यावा.

सुरक्षेबाबत तडजोडीला जागा नाही. एमएक्स-५मध्ये एअरबॅग, एबीएस आणि घसरण रोखणारी यंत्रणा आहे. एमजीबीत यातले काहीही नाही, पुढे डिस्क ब्रेक असले तरी मागे ड्रमच आहेत. लहान मूल शेजारी बसवून नियमित प्रवास करायचा असेल, तर मी जुन्या गाडीचा विचारही करणार नाही.

या दोहोंच्या मधोमध एक वाट आहे आणि ती अनेकांच्या लक्षात येत नाही: १९८९ ते १९९७ मधली पहिल्या पिढीची एमएक्स-५. ब्रिटिश रोडस्टरांचा, म्हणजे उघड्या दोन आसनी गाड्यांचा, आदर्श समोर ठेवून ती घडवली गेली, पण इंधन इंजेक्शन आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन घेऊन. ती सकाळी मुकाट्याने सुरू होते, आणि चालवताना एमजीबीच्या बरीच जवळ जाते. तिचेही दुखणे दाराखालच्या पट्ट्यांतच आहे. कापडी छताच्या मागच्या कोपऱ्यांतून पाणी वाहून जाण्याच्या नळ्या पानापाचोळ्याने तुंबतात आणि पाणी पट्ट्यांत उतरते. म्हणून मागच्या चाकापुढचा भाग इथेही चुंबकाने तपासावाच.

माझा कौल असा आहे: घरात ही एकच गाडी असणार असेल, तर नवी एमएक्स-५ घ्यावी, आणि त्यातही १.५ लिटरची, ती १३० अश्वशक्तीच्या आसपास आहे, दोन लिटरच्या गाडीपेक्षा हलकी आहे, आणि तिचे इंजिन कायद्याच्या मर्यादेत राहून पूर्ण वापरता येते. रोजच्या कामाला दुसरी गाडी असेल, हाताला ग्रीस लागण्याची हौस असेल आणि गाडी कोरड्या, बंदिस्त जागेत ठेवता येत असेल, तर एमजीबी घ्यावी. अशा वेळी पैसे पत्र्यात घालावेत: थकलेले इंजिन आणि निरोगी सांगाडा असलेली गाडी एका बाजूला, आणि नुकतेच बांधलेले इंजिन पण शंकास्पद पट्टे असलेली गाडी दुसऱ्या बाजूला असेल, तर पहिली घ्यावी आणि दुसरीच्या मालकाने किंमत कितीही उतरवली तरी पुन्हा फोन करू नये.