घरचं नेटवर्क वाढवताना: २.५ की १० गिगाबिट, तांबं की फायबर, जुना सर्व्हर की छोटी मशीन

घरातल्या एनएएसवर (नेटवर्कला जोडलेली, फायली साठवायची मशीन) १ टीबी फुटेज चढवायला गिगाबिट नेटवर्कवर अडीच तास लागतात. माझी बायको माहितीपटांचं संकलन करते, त्यामुळे आमच्याकडे हे अडीच तास आठवड्यातून दोनदा यायचे. रात्री कॉपी लावून झोपायचं आणि सकाळी उठल्या उठल्या ती पूर्ण झाली का बघायचं. शेवटी पुण्यातल्या आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमधलं नेटवर्क आणि रॅकमधली मशीन दोन्ही बदलायला घेतली. त्यात जे पर्याय तोलून पाहिले ते इथे शेजारी शेजारी मांडतो. माझं मत आधीच सांगतो: अख्खं घर १० गिगाबिटवर नेऊ नका. मोठ्या फायली रोज जिथून हलतात ती एकच वाट शोधा आणि तेवढीच १० ची करा. बाकी घर २.५ वर किंवा आहे त्या गिगाबिटवर राहू द्या.

याने इंटरनेट वेगवान होत नाही, हेही लगेच सांगायला हवं. बाहेरून येणारी लाइन २०० किंवा ३०० एमबीपीएसची (सेकंदाला मेगाबिट; आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी) असेल तर ती तेवढीच राहणार. हा सगळा खर्च घरातल्या दोन मशीनमधल्या दहा-पंधरा मीटरसाठी आहे. एनएएसवर फक्त मोबाइलचे फोटो आणि सिनेमे असतील तर गिगाबिटला हात लावायची गरज नाही.

| | गिगाबिट | २.५ गिगाबिट | १० गिगाबिट |
|---|---|---|---|
| प्रत्यक्ष वेग, दर सेकंदाला | सुमारे ११२ एमबी | सुमारे २८० एमबी | सुमारे १,१०० एमबी |
| १ टीबी कॉपीला वेळ | अडीच तास | एक तास | १५ मिनिटं |
| भिंतीतली कॅट-५ई (तांब्याची जुन्या दर्जाची नेटवर्क तार) | चालते | १०० मीटरपर्यंत चालते | प्रमाणात बसत नाही |
| कॅट-६ | चालते | चालते | ५५ मीटरपर्यंत |
| कॅट-६ए | चालते | चालते | १०० मीटरपर्यंत |

या तक्त्यातली १५ मिनिटं तुमच्या वाट्याला येतील का, हे तारेपेक्षा डिस्कवर ठरतं. ३.५ इंची एका हार्ड डिस्कचा सलग वाचनाचा वेग २०० ते २५० एमबीच्या आसपास असतो, म्हणजे एका डिस्कला २.५ गिगाबिट पुरून उरतं. चार डिस्क रेडमध्ये मिळून काम करत असतील तर त्या ५०० च्या पुढे जातात आणि तिथून १० गिगाबिटला अर्थ येतो. ही लाइन पूर्ण भरायची तर दोन्ही टोकांना एनव्हीएमई, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, हवी. आणि हजारो छोट्या फायली हलवत असाल तर नेटवर्क जवळजवळ रिकामंच राहतं; सगळा वेळ डिस्कचं हेड इकडून तिकडे फिरण्यात जातो.

म्हणून काही विकत घेण्याआधी एक संध्याकाळ मोजमापाला द्या. आयपर्फ३ हे फुकट साधन दोन्ही मशीनवर चालवा. गिगाबिटवर ९४० एमबीपीएसच्या आसपास आकडा आला तर नेटवर्क धडधाकट आहे. तरीही प्रत्यक्ष कॉपी सेकंदाला ६० एमबीने सरकत असेल तर आधी डिस्क बदला, स्विचचं (घरातल्या नेटवर्कच्या तारा जिथे एकत्र जोडतात तो डबा) नंतर बघू.

आता भिंती. फ्लॅटमध्ये बिल्डरने कॅट-५ई ओढून दिली असेल तर २.५ गिगाबिटचा निर्णय फार सोपा आहे. २०१६ साली आयईईई या तांत्रिक प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने ८०२.३बीझेड हे प्रमाण आणलं तेच कचेऱ्यांच्या भिंतींतल्या जुन्या तारा न उपसता वेग वाढावा म्हणून. स्विच बदलायचा, मशीनमध्ये कार्ड टाकायचं, काम झालं. बहुतेक नव्या मदरबोर्डांवर २.५ चा पोर्ट आधीच असतो, त्यामुळे अनेकदा फक्त स्विचचाच खर्च येतो. कमी अंतरावर कॅट-५ईवर १० गिगाबिटही उभं राहिल्याचं तुम्ही ऐकाल. राहतं कधी कधी, पण त्या भरवशावर महागडा स्विच घेऊ नये.

तार नव्याने ओढायची असेल तर खरा प्रश्न येतो, तांबं की फायबर? इथे मी पैसे वाया घालवले आहेत, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पहिल्या फेरीत मी तांबं निवडलं होतं. कॅट-६ छापलेली तार आणली, हॉलमधल्या जुन्या टेलिफोन पॉइंटच्या पाइपातून ओढली, दोन्ही टोकं क्रिम्प केली, म्हणजे त्यांवर जोड दाबून बसवले. १० गिगाबिटची लिंक यायची, अर्ध्या तासाने पडायची आणि १ गिगाबिटवर येऊन थांबायची. मी कार्ड बदललं, पॅच कॉर्ड बदलली, पुन्हा क्रिम्पिंग केलं. शेवटी उरलेल्या तुकड्यातली एक तार ब्लेडने खरवडली तर वर तांबूस मुलामा आणि आत पांढरं ॲल्युमिनियम. याला बाजारात सीसीए म्हणतात. ॲल्युमिनियमचा विद्युत रोध जास्त, तार ठिसूळ, आणि तिच्यावरून पीओई (नेटवर्कच्या तारेतूनच उपकरणाला वीज) दिली तर ती तापते. तापकीर गल्लीत घ्या, लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा घरबसल्या मागवा. पेटीवर शुद्ध तांबं लिहिलेलं असलं तरी एक तार खरवडून पाहिल्याशिवाय भिंतीत घालू नका. पेटी हाताला हलकी लागली तर तिथेच शंका घ्या.

दुसऱ्या फेरीत त्याच पाइपातून फायबर ओढली, आणि तेव्हापासून लिंक एकदाही पडलेली नाही.

फायबरच्या बाजूने बोलणारी पहिली गोष्ट म्हणजे उष्णता. तांब्यावरून १० गिगाबिट चालवणारं एसएफपी+ मॉड्यूल (स्विचच्या किंवा कार्डाच्या पोर्टात बसवायचा, तार जोडायचा छोटा भाग) २ ते ३ वॅट खातं आणि हात लावला तर चटका बसेल इतकं तापतं. फायबरचं मॉड्यूल १ वॅटच्या आसपास राहतं. रॅकच्या आत एका मशीनमधून दुसऱ्यात जायचं असेल तर दोन्ही टोकांना जोड असलेली डीएसी केबल घ्या. ती सर्वांत स्वस्त आणि विजेचा खर्च जवळपास शून्य. त्यामुळे एसएफपी+ चे छोटे स्विच पंख्याशिवाय मिळतात. मायक्रोटिक या लात्व्हियातल्या कंपनीचा चार एसएफपी+ पोर्टांचा सीआरएस३०५ हा असाच बिनपंख्याचा आहे, आणि एका वाटेपुरतं १० गिगाबिट हवं असलेल्या घराला त्याहून मोठा स्विच लागत नाही.

दुसरी गोष्ट वीज पडण्याची. काचेतून विजेचा झटका पुढे जात नाही. फ्लॅटमध्ये याने फारसा फरक पडत नाही, पण बंगला, मागचं आउटहाऊस, गेटवरचा कॅमेरा अशी उघड्यावरून तार जाणार असेल तर मी तांबं सुचवणारच नाही. सातारा जिल्ह्यात मामांच्या घरी वळवाच्या एका पावसात अंगणातून गेलेल्या तारेने स्विच आणि राउटर दोन्ही नेले. आता तिथे फायबर आहे.

तांब्याच्या बाजूनेही एक पक्कं कारण आहे: पीओई. कॅमेरा, वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट, दारावरची बेल यांना तारेतूनच वीज द्यायची असते, आणि ते काम फायबर करू शकत नाही. म्हणून छताकडे आणि दाराकडे जाणाऱ्या तारा तांब्याच्याच ठेवा.

फायबरमध्ये मल्टिमोड (कमी अंतराची) की सिंगल मोड (लांब अंतराची)? घरातल्या अंतराला दोन्ही चालतात. ओएम३ मल्टिमोडवर १० गिगाबिट ३०० मीटर जातं, तेवढं मोठं घर कुणाचं नसतं. मी सिंगल मोड घेतली, कारण घरोघरी इंटरनेट देणारी फायबर सिंगल मोडच असते. ती उद्या तुटली तर गल्लीतला इंटरनेटवाला मुलगा स्प्लायसिंग मशीन घेऊन येतो आणि जोडून देतो. दहा किलोमीटरचं एलआर मॉड्यूल पंधरा मीटरवर लावलं तर जळेल असं कुणी सांगितलं तर घाबरू नका, ते कमी अंतरावर चालतं. ४० किंवा ८० किलोमीटरचं मॉड्यूल मात्र घरात लावू नका. आणि त्या मुलाकडची हिरव्या टोकाची एससी-एपीसी कॉर्ड तुमच्या मॉड्यूलला बसत नाही. तुम्हाला निळ्या टोकाची एलसी लागेल, हे त्याला आधीच सांगा. पाइपाला काटकोनी वळणं असतील तर जी.६५७.ए२ प्रकारची फायबर मागा, ती साडेसात मिलिमीटर त्रिज्येचं वळण सोसते.

कार्ड घेताना दोन गोष्टी बघा. इंटेल एक्स५२० सारखी जुनी कार्डं स्वस्तात मिळतात, पण त्यांना मुळात इंटेलची खूण असलेलं मॉड्यूलच चालतं. लिनक्समध्ये ड्रायव्हरची एक सेटिंग बदलून ही अट काढता येते. दुसरं म्हणजे मदरबोर्डावरची जागा. हे कार्ड पीसीआयई २.० चं (मदरबोर्डावर कार्ड बसवायच्या खाचेची ही जात), आठ लेनचं, म्हणजे माहिती नेणाऱ्या आठ समांतर मार्गांचं. चार लेन मिळाल्या तरी एका पोर्टला पुरतात, पण एका लेनवर ते ४ गिगाबिटच्या पुढे जाणार नाही.

आता मशीन. कंपन्यांनी काढून टाकलेले दोन प्रोसेसरचे रॅक सर्व्हर पाहून मोह होतो, आणि तो समजण्यासारखा आहे: चुका स्वतः दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी, आठ-बारा डिस्कची जागा, दोन पॉवर सप्लाय, दुसऱ्या खोलीतून मशीन चालू-बंद करायची सोय. पण नुसतं चालू ठेवलं तरी तो १०० ते १५० वॅट खातो. १२० वॅट धरले तर महिन्याला ८६ युनिट. त्याशेजारी इंटेल एन१०० या कमी विजेच्या प्रोसेसरची छोटी मशीन चार हार्ड डिस्कसह ४० वॅटमध्ये बसते, म्हणजे २९ युनिट. फरक ५७ युनिटांचा. १० रुपये युनिट धरलं तरी वर्षाला सहा-सात हजार होतात, आणि टप्प्यांच्या दरात हे वाढीव युनिट नेहमी तुमच्या बिलातल्या सगळ्यात महाग टप्प्यात पडतात. शिवाय आवाज. १यू (रॅकच्या एका खणाएवढ्या उंचीच्या) सर्व्हरमधले ४० मिलिमीटरचे पंखे शिट्टी मारल्यासारखे वाजतात. फ्लॅटमध्ये अशा मशीनच्या शेजारच्या खोलीतही झोप लागत नाही.

एन१०० ची अडचण वेगळी आहे. त्यात पीसीआयईच्या नऊच लेन आहेत, त्यामुळे १० गिगाबिटचं कार्ड, दोन एनव्हीएमई आणि हार्ड डिस्क जोडायचे जादा साटा पोर्ट हे सगळं एकत्र बसवताना ओढाताण होते. २.५ गिगाबिटवर थांबणार असाल तर एन१०० घ्या, दुसरा विचार नको. १० ची वाट करणार असाल तर साधा डेस्कटॉप मदरबोर्ड ४यू पेटीत बसवा. तिथे १२० मिलिमीटरचे शांत पंखे मावतात आणि कार्डाला पूर्ण जागा मिळते. मी हेच केलं. रायझनच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांवर मदरबोर्डाची साथ असेल तर ईसीसीही चालते. जुना रॅक सर्व्हर मी फक्त त्यालाच सुचवीन ज्याला कामाच्या ठिकाणच्या यंत्रणा घरी शिकायच्या आहेत आणि जो रोज रात्री तो बंद करून झोपेल.

रॅकबद्दल थोडक्यात. भिंतीवरचे ६यू, ९यू रॅक ४५० ते ६०० मिलिमीटर खोल असतात, त्यात पूर्ण खोलीचा सर्व्हर मावत नाही. नव्या इमारतींत भिंती सिपोरेक्स ब्लॉकच्या असतात, त्यात साधा फास्टनर वजनाने सुटून येतो. डिस्कांनी भरलेला रॅक तिथे टांगण्यापेक्षा जमिनीवर उभा ठेवा. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनची वाफ असते, पोटमाळ्यावर उन्हाळ्यात भट्टी होते. नागपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तिथे पोटमाळ्याचा विचारच करू नका. आमचा रॅक पॅसेजमधल्या बुटांच्या कपाटाशेजारी आहे, हवा खेळती, भिंत विटांची.

घरच्या इन्व्हर्टरवर रॅक जोडणार असाल तर तो साइन वेव्हचा आहे ना ते पाहा, कारण स्क्वेअर वेव्हवर संगणकांचे काही पॉवर सप्लाय नीट चालत नाहीत. एनएएसला वेगळा छोटा यूपीएस द्या आणि त्याची यूएसबी तार एनएएसला जोडा, म्हणजे बॅटरी संपत आली की मशीन स्वतःहून नीट बंद होईल.

पैसे एकदम घालायचे नसतील तर माझ्या मते क्रम असा: यूपीएस, मग डिस्क, मग वाट, शेवटी स्विच. आणि वाट करताना फायबरबरोबर पाइपात एक नायलॉनची दोरी ओढून दोन्ही टोकांना बांधून ठेवा. आमच्या वायरमनने आपणहून ती सोडली होती. चार महिन्यांनी बेडरूमच्या कॅमेऱ्यासाठी तांब्याची तार त्याच पाइपातून न्यायची वेळ आली, तेव्हा वीस मिनिटांत काम झालं.