कंपायलर एक्सप्लोरर: एकच सी कोड अनेक कंपायलरवर तपासताना

मी पुण्यात विजेच्या मीटरचं फर्मवेअर लिहिते. आमचा सी कोड मीटरमधल्या एआरएम चिपवर चालतो, चाचण्या लिनक्सवर होतात आणि रीडिंग वाचणारा प्रोग्रॅम विंडोजवर असतो. जीसीसी, क्लँग आणि मायक्रोसॉफ्टचा कंपायलर (कंपायलर म्हणजे कोड चिपला कळणाऱ्या सूचनांमध्ये बदलणारा प्रोग्रॅम), तिघांनाही तोच कोड पटावा लागतो.

अशा वेळी मी कंपायलर एक्सप्लोरर वापरते. मॅट गॉडबोल्ट यांनी २०१२ साली सुरू केलेली ही साइट फुकट आहे, खातंही उघडावं लागत नाही. कोड टाकला, कंपायलर निवडला की असेम्बली, म्हणजे त्या कंपायलरने चिपसाठी बनवलेल्या सूचना, समोर येते.

तिची खरी किंमत मला एका अडकणाऱ्या मीटरमुळे कळली. लिनक्सवर सगळ्या चाचण्या पास, मीटरवर मात्र सिरियल पोर्ट वाचणारा लूप संपतच नव्हता. लूप साधा होता: बाइट वाचायचा, कॅर (एका बाइटचा प्रकार) व्हेरिएबलमध्ये ठेवायचा, उणे एक मिळाला की थांबायचं. त्या पंधरा ओळी इथे टाकून एक्स८६ (पीसीचा प्रोसेसर) आणि एआरएम अशा दोन जीसीसी खिडक्या शेजारी उघडल्या. एआरएमच्या खिडकीत तुलनाच नव्हती! तिथे कॅर मुळात अनसाइन्ड, म्हणजे उणे संख्या न घेणारा, ० ते २५५. तो उणे एक होणारच नाही, म्हणून ऑप्टिमायझरने (कंपायलरचा अनावश्यक काम गाळणारा भाग) अट काढून टाकलेली. एक्स८६वरही कोड बरोबर नव्हताच, कारण तिथे कॅर साइन्ड, म्हणजे उणे संख्याही घेणारा; खराखुरा २५५ बाइट आला असता तर तो उणे एक ठरून वाचन मध्येच थांबलं असतं. फ्लॅग (कंपायलरला द्यायची सूचना) देऊन कॅर साइन्ड करता येतो, पण मग तो फ्लॅग जन्मभर सांभाळा. मी व्हेरिएबल इंट (उणे एक आणि २५५ दोन्ही वेगळे मावतील असा मोठा प्रकार) केला. जीसीसीच्या जादा वॉर्निंग चालू असत्या तर हे आधीच कळलं असतं, म्हणून त्या आता मेकफाइलमध्ये (कोड कसा कंपाइल करायचा ते सांगणारी फाइल) आहेत.

कन्फॉर्मन्स व्ह्यू मला सगळ्यात आवडतो. एकच कोड कंपायलरांच्या यादीवर चालवून कुठे पास, कुठे नापास ते दिसतं. आमच्या जुन्या हेडरमध्ये बूल (खरं की खोटं एवढंच ठेवणारा प्रकार) हे नाव टाइपडेफने, म्हणजे प्रकाराला नवं नाव देण्याच्या सोयीने, अनसाइन्ड कॅरला दिलं होतं. जीसीसी १४ने ते मुकाट्याने घेतलं, १५ने नाकारलं, कारण १५ न सांगता सी२३ (सी भाषेचं नवं मानक) धरतो आणि त्यात बूल हा कीवर्ड, म्हणजे भाषेने राखून ठेवलेला शब्द, आहे. टाइपडेफ काढणंही सरळ नव्हतं: २५६ अनसाइन्ड कॅरमध्ये ठेवले तर शून्य होतात, बूलमध्ये एक. त्यामुळे मानक कोणतं ते फ्लॅगने स्पष्ट सांगाच, कंपायलरच्या मनावर सोडू नका.

एक काळजी घ्या. कोड त्यांच्या सर्व्हरवर जातो, लिंक केली की साठवलाही जातो. कंपनीचा कोड जसाच्या तसा टाकू नका. नावं बदला, चुकीपुरत्या ओळी ठेवा. आमच्या एका चिपचा जुना कंपायलर मला तिथे मिळाला नाही, तेवढं मी टेबलावरच तपासते.

त्या लूपची लिंक आता आमच्या कोडमध्ये कॉमेंट म्हणून आहे. उघडली की दोन्ही खिडक्या तशाच समोर येतात.