लिज्जतचा उडीद-मिरी पापड आणि जसवंतीबेनची शिस्त

पापड पारखायचा तर तळायच्या आधी उजेडासमोर धरावा. नीट लाटलेला उडदाचा पापड मध्ये आणि कडेला सारखाच उजळ दिसतो. मध्ये काळपट डाग दिसला तर तिथे तो जाड राहिलाय, आणि भाजताना नेमकी तीच जागा कच्ची राहणार. लिज्जतचा पापड या परीक्षेत सहसा नापास होत नाही. हाताने लाटलेला माल, लाटणाऱ्या बायका चाळीस हजारांच्या वर, ऐंशीच्या आसपास शाखा, तरी जाडी सारखी. कौतुक चवीपेक्षा याचंच जास्त करायला हवं.

15 मार्च 1959 ला गिरगावातल्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन जमनादास पोपट त्यांतल्या एक. भांडवल उसने घेतलेले 80 रुपये, पहिल्या दिवसाचा माल चार पुडकी. ती भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे दिली. पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपये. सुरुवातीला दोन प्रतींचे पापड होत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. समाजसेवक छगनलाल पारेख, म्हणजे छगनबापा, यांनी सांगितलं की एकच प्रत ठेवा आणि ती उतरू देऊ नका. देणगी घ्यायची नाही हेही तेव्हाच ठरलं. ‘लिज्जत’ हे नाव मात्र 1962 चं, पाच रुपयांच्या बक्षिसाच्या स्पर्धेतून आलेलं.

आता जाडीचं आणि चवीचं गुपित. पीठ घरी भिजवायचं नाही. ते शाखेत, एकाच मापाने मळलं जातं. सकाळी बेन (गुजरातीत बहीण, संस्थेतल्या बायकांना हेच म्हणतात) पीठ घेऊन जातात, घरी लाटून वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी पापड परत आणतात. ते तपासून घेतले की लाटणावळ हातात आणि नवं पीठ पिशवीत. ज्यांच्या घरी वाळवायला जागा नाही त्या मळण्याचं किंवा पुडकी भरण्याचं काम करतात. घरी उडदाचे पापड करणाऱ्यांना यातलं मर्म लगेच कळेल. किलोभर पिठाला साधारण 30-35 ग्रॅम पापडखार लागतो. तो कमी पडला तर पापड फुलत नाही, चामट राहतो. जास्त झाला तर तळताना लालसर होतो आणि जिभेवर साबणासारखी कडसर चव येते. हे प्रमाण घरोघरी बदललं असतं तर पुडक्यातला प्रत्येक पापड वेगळा निघाला असता. लाटणं घरोघर वाटून दिलं, माप मात्र एका जागी राखलं.

वाळवणाचीही अशीच गोष्ट. पहिल्या पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी खाट आणि स्टोव्ह आणले: पापड खाटेवर, स्टोव्ह खाली. मंद ऊब खालून लागली की पापड सपाट वाळतो. कडक उन्हात टाकला तर कडा आधी आखडतात, पापड वाटीसारखा वळतो आणि पुडक्यात तुटतो.

तळताना तेल चांगलं तापू द्या. पापडाचा तुकडा टाकताच वर आला पाहिजे. तो तळाशी रेंगाळला तर तेल थंड आहे आणि पापड तेल पिणार. टाकल्याबरोबर झाऱ्याने मधोमध अलगद दाबा, नाहीतर गुंडाळी होते. तीन-चार सेकंदांत उलटून बाहेर, आणि कागदावर उभा ठेवा, म्हणजे तेल निथळतं. भाजताना चिमट्याने धरून आचेपासून दोनेक इंच वर, आधी कडा आणि मग मध्य, सतत फिरवत. ज्योत थेट लागली की मिरी जळते आणि कडू होते. मायक्रोवेव्हमध्ये एका पापडाला 40 ते 60 सेकंद. मधला पिवळसर ठिपका पांढरा झाला की झाला. भाजलेला तेलकट नसला तरी मीठ आणि खार तेवढेच असतात, तेव्हा रक्तदाबवाल्यांनी ‘भाजकाच तर आहे’ म्हणून चार खाऊ नयेत.

पुडकं उघडलं की पापड घट्ट झाकणाच्या डब्यात, मूठभर मेथीदाण्यांसह. उघडे राहिले तर हिवाळ्यात तडकतात आणि पावसाळ्यात सादळून एकमेकांना चिकटतात. सादळलेले तासभर सावलीत पसरले की ताळ्यावर येतात. तसेच तळले तर फोड येतात पण खुसखुशीत होत नाहीत.

प्रकारांपैकी उडीद-मिरीच घ्यावा. हिंगाचा वास पुडकं उघडताच येतो आणि मिरी दाताखाली लागते. लसणाचा वरणभाताबरोबर ठीक. पंजाबी मसाल्याचा आमटीवर कुरघोडी करतो. मुगाचा पचायला हलका, पण फुलतो कमी आणि पटकन मोडतो. मोडलेल्यांचा कच्चा कांदा, तिखट आणि कच्चं तेल घालून चुरा करावा, तक्रार करू नये. एकच खंत, आणि तिला कुठल्याच पुडक्याचा इलाज नाही: लाट्या. कुटून पांढरट झालेलं पीठ तेलात बुडवून खायचं सुख विकत मिळत नाही.

जसवंतीबेनना 2021 मध्ये, नव्वदी गाठल्यावर, पद्मश्री मिळाली. जाहिरातीतला ससा, रामदास पाध्यांनी घडवलेला, त्यांच्यापेक्षा कितीतरी आधी घरोघरी पोचला होता. त्यांचं नाव पुडक्यावर कधीच नव्हतं. बेन संस्थेच्या नोकर नाहीत, सगळ्या मालकीण आणि नफातोटा सगळ्यांचा. एकीचं नाव छापायचं तर कुणाचं छापणार?